खालच्या दाढेला मुळं दोनच

बऱ्हाटे सर काढलेला दात कुणाला परत देत नसत. आमच्या खानदेशात लोक दात मागून नेतात. कागदाच्या पुडीत बांधून घरी नेतील, तुळशीत पुरतील, नाहीतर नुसताच आठ दिवस खिशात ठेवून भेटेल त्याला काढून दाखवतील. सरांकडे ती सोय नव्हती. "तुमचा होता तोवर तुम्ही सांभाळला नाही. आता माझा," एवढं बोलून ते दात नळाखाली धरायचे, खिडकीच्या उजेडात चारही बाजूंनी फिरवून बघायचे आणि खालची दाढ असेल तर कपाटातल्या मुरंब्याच्या बरणीत टाकायचे. पेशंट तोंडात बोळा धरून बघत बसायचा. बोळ्यामुळे त्याला भांडताही येत नसे.

दुपारी एक ते तीन दवाखाना बंद असायचा. सर डबा दहा मिनिटांत संपवत आणि धार लावायचा दगड पुढ्यात घेऊन बसत. बरणीतली एक दाढ काढायची, तिच्या पोटात लाल शाई सोडायची, शाई वाळली की दाढ दगडावर घासायची. खर्र खर्र, खर्र खर्र. घासून घासून कागदाएवढी पातळ चकती उरली की ती काचेवर चिकटवायची आणि खाली गावाचं नाव लिहायचं. चकतीत जेवढे लाल ठिपके, तेवढ्या त्या दाढेच्या नळ्या. मी बाहेरच्या बाकावर डबा खायची आणि प्रत्येक घासाला ती खरखर माझ्या स्वतःच्या दातांतून जायची. आजही कुणी सुरीला धार लावायला घेतली की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

आधीच सांगून टाकते, मला हा माणूस आवडत नव्हता. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं सगळे सांगतात. सांगोत बापडे. दीड वर्ष मी जळगावात त्यांच्या हाताखाली काढलं आणि त्यातला एक दिवसही हसत घरी गेले नाही. त्यांच्याकडून जे शिकले त्यावर पुढे आयुष्यभर पोट भरलं, हेही खरं. पण शिकवणारा माणूस चांगला असलाच पाहिजे असं कुठे लिहून ठेवलंय?

सत्त्याऐंशी साल असेल. मी मूळची पारोळ्याची, मुंबईला शिकून दातांची डॉक्टर झालेली, आणि धुळ्यात स्वतःचा दवाखाना टाकण्याआधी कुणाकडे तरी हात बसवायचा म्हणून जळगावला आलेली. मेहरूणकडे जाणाऱ्या रस्त्यावर सरांचा दवाखाना होता. आत एक उंच, वाळकुडा माणूस बसलेला, अर्ध्या बाह्यांचा पांढरा बुशशर्ट, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी मोठ्या उत्साहाने माझी प्रमाणपत्रं पुढे केली.

"कागद राहू दे. डोळे मीट."

"अं?"

"डोळे मीट म्हटलं. लग्नाचं विचारत नाहीये."

मी डोळे मिटले. त्यांनी माझ्या एका हातात सुटी दाढ दिली आणि दुसऱ्या हातात दाढेच्या आत घालायची सुईएवढी बारीक कानस. "नळ्या किती?" मी चाचपडत चाचपडत सांगितलं, "तीन." "चार. मागच्या मुळात दोन आहेत. एक सापडल्याबरोबर तू खूश होऊन थांबलीस. अजून आहे का, हे विचारलंस का?" "कुणाला विचारणार?" मी म्हटलं. "बोटाला!" ते ओरडले. "बोटाला विचार! पुस्तक मुंबईला विसरून ये आणि उद्यापासून साडेआठला हजर राहा."

ज्यांचा दातांच्या डॉक्टरशी फारसा संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं. दाढेच्या मुळांमधून बारीक नळ्या जातात, त्यांत नस असते. नस किडली की एकतर दाढ उपटायची, नाहीतर सगळ्या नळ्या आतून साफ करून कायमच्या बंद करायच्या. यातली एक जरी नळी नजरेतून सुटली तरी बाकीची सगळी मेहनत पाण्यात. आणि खालच्या दाढेसारखी लबाड दाढ दुसरी नाही. त्या काळी आमच्याकडे बहुतेक डॉक्टर सरळ उपटून मोकळे होत. दाढ वाचवणारा माणूस म्हणून चोपड्यापासून पारोळ्यापर्यंत एकच नाव घेतलं जायचं, ते बऱ्हाटे सरांचं. ते खोटं नव्हतं.

पण तोंड! सर मूळचे यावलकडचे, केळीच्या बागा असलेल्या घरातले. एरवी ते स्वच्छ शहरी मराठी बोलत. राग आला की गावाकडची बोली बाहेर पडायची, आणि माझ्या वाट्याला बहुतेक वेळा तीच यायची. "तुले डोये हायेत का बटनं?" हा त्यांचा लाडका प्रश्न. पेशंटचं तोंड उघडं असताना, त्याच्या डोक्यावरून मला विचारायचे. माझा हात जरा हळू चालला की "बाई, हे भरतकाम नाही." जरा भरभर चालला की "घाई असेल तर स्टँडवर जा." एकदा त्यांनी एका किराणा दुकानदारासमोर माझा हात मनगटाला धरून उलटा केला आणि म्हणाले, "हा हात भाकरी थापायसाठी घडवलेला आहे. इथे कसा आला, देव जाणे."

माझंही डोकं काही थंड नाही. मी म्हटलं, "भाकरी येते मला, सर. तुम्हाला येते का?"

दुकानदार तोंडातल्या कापसासकट हसला. सर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जे काय सांगायचं ते सुपडूभाऊंच्या मार्फत. सुपडूभाऊ म्हणजे आमचे कंपाउंडर, साठीला आलेले, एक्स-रे धुण्यापासून दार लावण्यापर्यंत सगळं बघणारे. मी हातभर अंतरावर उभी असायची आणि सर म्हणायचे, "सुपडू, डॉक्टरीणबाईंना सांग, दिवा जरा डावीकडे." सुपडूभाऊ बिचारे माझ्याकडे वळून म्हणायचे, "ताई, दिवा जरा डावीकडे."

एकच दिवस असा आला की मला ते आवडायला लागले असते. भुसावळहून एक रेल्वेतला गार्ड आला होता, खालची शेवटून दुसरी दाढ ठणकत होती. मी दाढ उघडली आणि गोंधळले. नळ्यांची तोंडं दिसायला हवीत तिथे नुसती एक वाकडी फट, कोयत्याच्या पात्यासारखी. मी सरांना हाक मारली. त्यांनी वाकून बघितलं आणि चक्क हसले. "ही नळी नाही, ही चारी आहे. केळीला पाणी देतात तशी. दोन्ही मुळं वाढतानाच एकमेकांना चिकटली, आणि आतलं सगळं एक झालं. इथे टोचत बसायचं नाही, वाहतं करायचं." त्यांनी फटीत औषधाचं पाणी सोडलं आणि मला भिंग दिलं. "बघ, बुडबुडे कुठून येतात. जिथून बुडबुडा येतो तिथे अजून घाण आहे. तिथे जा." तीन बैठका चालल्या. प्रत्येक वेळी ते कानस त्या फटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत इतक्या हलक्या हाताने फिरवत, की गार्डसाहेब खुर्चीत घोरायला लागले. दुपारी सरांनी कपाटातून तशाच एका दाढेची चकती काढून मला दाखवली. लाल शाईची कोर, चंद्रासारखी. "आता कळलं, दाढ का घासायची?" ते म्हणाले. मला खरंच कळलं होतं. मी तसं सांगणार, तेवढ्यात ते म्हणाले, "तुला कळायला तीन दिवस लागले. सुपडूला एकाच दिवसात कळलं होतं." झालं, पुन्हा जळफळाट.

आणि एवढ्या चकत्या घासून या माणसाच्या डोक्यात एक गोष्ट दगडासारखी बसली होती. खालच्या दाढेला मुळं दोनच. एक पुढचं, एक मागचं. नळ्या तीन असतील, चार असतील, चारी असेल, पण मुळं दोन. मुंबईला आम्हाला शिकवलं होतं की एखाद्या दाढेला मागे, जिभेच्या बाजूला, तिसरं बारीक मूळही असू शकतं. मी एकदा तसं बोलले. सरांनी कपाट उघडून तोवर भरलेल्या तीन बरण्या माझ्यासमोर टेबलावर मांडल्या. "शोध. एक दाखव. दाखवलीस तर हा दवाखाना तुझा." मी दोन दुपारी शोधलं. एकही नव्हती. मुंबईच्या सरांनाच काहीतरी चुकीचं वाटलं असेल, असं मीसुद्धा स्वतःला समजावलं.

मग यमुनाअक्का आली.

पारोळ्याजवळच्या एका खेड्यातली, पन्नाशी ओलांडलेली, शेतातल्या गड्यांवर आवाज टाकणारी बाई. उजव्या बाजूच्या दाढा कधीच्या गेलेल्या. डावीकडे खाली एकच धड दाढ उरली होती, आणि अक्काचं सगळं खाणं तिच्यावर चाले. सरांनी ती दाढ वाचवली, दोन मुळं, तीन नळ्या, काम अगदी सुरेख. पण महिन्याभरात अक्का परत आली.

"डाक्टर, मन्ही दाढ आजून ठणकस. च्या पिधा का जीव जास."

"नस काढलीय, अक्का. आता दुखेल कसं?"

"ते मना जीवले विचारा."

सरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या. अक्षय्य तृतीयेची आखाजी झाली, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येऊन परत गेल्या, आणि अक्का तिसऱ्यांदा आली. गाल धरून. सणाची पुरणपोळीसुद्धा दुधात कुस्करून खाल्ली म्हणाली. सर त्या वेळी दुसऱ्या पेशंटमध्ये अडकले होते. मी अक्काला एक्स-रेच्या खोलीत नेलं आणि नेहमीसारखा समोरून फोटो न काढता यंत्र जरा बाजूला सरकवून, तिरका काढला. एकामागे एक उभी असलेली दोन माणसं समोरून एकच दिसतात, बाजूला सरकलं की मागचा दिसतो, एवढं साधं ते गणित. फिल्म धुऊन दिव्यासमोर धरली. मागच्या मुळाच्या शेजारी एक फिकट, बारीक मूळ होतं, टोकाला वळलेलं. त्याला कुणाचा हातच लागला नव्हता.

मी ओली फिल्म घेऊन सरांकडे धावले. खरं सांगायचं तर त्या क्षणी अक्का माझ्या डोक्यात नव्हती. सरांचा चेहरा कसा होतो, हे मला बघायचं होतं.

"ही रेघ आहे," सर म्हणाले.

"मूळ आहे, सर. मला एक तास द्या. मी नळी शोधते. तेवढी भरली की दाढ वाचेल."

"एक तास खोदशील आणि दाढेचं बूड फोडशील. मग काय करशील? रडशील?" त्यांनी फिल्म खिशात घातली. "नळ्या भरल्या, तरी दुखतं. म्हणजे दाढच चिरलेली आहे. काढायची."

"सर, चिरलेली नाहीये!"

"मले शिकवू नको!"

त्यांनी अक्काला खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, दाढ काढावी लागेल. अक्का म्हणाली, "एकच बाजू शे मन्ही चावानी. ती बी गई ते मी काय खाऊ?" सर भुलीचं इंजेक्शन भरत होते. अक्काने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "तू आपली पारोळानी पोर शे. तू सांग, माय. काढू का ऱ्हाऊ देऊ?"

सरांचा हात थांबला. त्यांनीही माझ्याकडे बघितलं. सुपडूभाऊ ट्रे घेऊन उभे होते, त्यांनीही. माझ्या तोंडातून एक वाक्य निघालं असतं तर अक्का खुर्चीतून उठली असती. मी तिला धुळ्याला, नाशिकला, कुठेही पाठवू शकले असते. आणि मी म्हटलं, "सर सांगतात तसं करा, अक्का."

का म्हटलं? अनुभवाचा दाखला अजून सरांकडून मिळायचा होता, हे एक. दुसरं, मला भीती वाटली. दीड वर्ष मी त्या माणसाशी तोंडाला तोंड देत होते, आणि मोठी धीट समजत होते स्वतःला. ती सगळी भांडणं माझ्या मानापानाची होती. दुसऱ्या कुणासाठी भांडायची वेळ आली तेव्हा माझी जीभ टाळ्याला चिकटली. एवढंच कारण आहे, दुसरं काही नाही.

सरांनी पकड लावली. दाढ हलली, आणि कट्ट असा एक बारीक आवाज झाला. तो आवाज आमच्या धंद्यातल्या माणसाला झोपेतही कळतो. सरांचा हात अर्धा क्षण अडखळला, मग दाढ बाहेर आली. त्यांनी ती माझ्यासमोर धरली. "मोज. एक, दोन." जिभेकडची बाजू त्यांच्या तळहाताकडे होती. मी हात पुढे केला तर त्यांनी मूठ मिटली. अक्का बोळा चावत, पदराने डोळे पुसत एस.टी.ला निघून गेली.

आणि ती दाढ बरणीत गेली नाही. सरांनी ती बादलीत टाकली.

जेवणाच्या सुट्टीत मी बादलीत हात घातला. रक्ताचे बोळे बाजूला करून दाढ शोधली, धुतली. दोन मुळं, आणि मागच्याच्या शेजारी ज्वारीच्या दाण्याएवढी ताजी तुटलेली जागा. तिच्या मधोमध सुईच्या टोकाएवढा गुलाबी ठिपका. ती चौथी नळी. तिसरं मूळ अक्काच्या जबड्यात राहिलं होतं.

"ताई, टाकी द्या ते," मागून सुपडूभाऊ म्हणाले. "ते तुटेल शे. तुटेल दात साहेब ठेवतस नही. पहिलापासून बादलीमाच टाकाले लावतस."

तुटेल, म्हणजे तुटलेला. मी तिथेच उकिडवी बसून राहिले. हे तिसरं मूळ नेहमी बारीक, नेहमी वाकडं. दाढ ओढली की तुटणारच. तुटलं की सर ती दाढ फेकून देणार, कारण त्यांना बरणीत अखंड माल हवा. म्हणजे वर्षानुवर्षं तिसऱ्या मुळाची एकूणएक दाढ बादलीतून नगरपालिकेच्या गाडीत गेली, आणि ज्या उरल्या त्या घासून हा माणूस जगाला सांगत होता, मुळं दोनच! मी दाढ घेऊन आत गेले. सर दगड पुढ्यात घेऊन बसले होते, पण घासत नव्हते. त्या दिवशी दवाखान्यात खरखर झालीच नाही.

मी दाढ दगडावर ठेवली आणि हे सगळं त्यांना ऐकवलं. ओरडून ऐकवलं. ते दाढेकडे बघत राहिले.

"टोक आत आहे, सर."

"असू दे. शरीर सांभाळून घेतं."

"तिला सांगायला नको?"

तेव्हा त्यांनी मान वर केली. "तिनं विचारलं कुणाला? मला की तुला?"

"जा, बाहेर हो," ते म्हणाले, आणि मी बाहेर झाले. महिन्याच्या आत जळगाव सोडलं. दाखला त्यांनी सुपडूभाऊंच्या हाती पाठवला. 'काम समाधानकारक' एवढंच लिहिलं होतं. तो मी धुळ्याला जाताना एस.टी.त फाडून टाकला. मग ज्याच्यासाठी तोंड बंद ठेवलं ते काय मिळवलं, असा विचार आला, पण तोवर तुकडे खिडकीबाहेर गेले होते.

धुळ्यात चौथ्या गल्लीत मी दवाखाना टाकला. दिवाळीनंतर एक दिवस दारात यमुनाअक्का उभी. डावा जबडा सुजून डोळ्यापर्यंत आलेला. "जळगावले नही जात मी आते," ती म्हणाली. मी भूल दिली, हिरडी उघडली आणि अर्ध्या तासाच्या खटपटीने तो तुकडा काढला. नखाएवढा, टोकाला आकड्यासारखा वळलेला. ट्रेवर ठेवला तेव्हा टण्णकन वाजला. अक्काने तो बघितला. मी तिला सगळं समजावून सांगितलं, दाढेला तिसरं मूळ होतं, सरांना ते मान्य नव्हतं, ओढताना तुटलं, त्यांनी लपवलं. सरांची एकही चूक सांगायची ठेवली नाही.

अक्काने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "तवय तुले माहीत व्हतं का, माय?"

"नाही, अक्का," मी म्हटलं. "मला कसं माहीत असणार? दाढ त्यांनी काढली."

"मंग ते माले दे. मी त्यासले दी येस."

सरांना नेऊन द्यायचा म्हणून तिने तो तुकडा रुमालाच्या गाठीत बांधला. पुढचं मला सुपडूभाऊंकडून कळलं, ते कुणाच्या तरी लग्नाला धुळ्याला आले होते तेव्हा. अक्का भरल्या दवाखान्यात शिरली, सरांच्या टेबलावर रुमाल सोडला आणि स्वतःच्या जबड्यावर हात ठेवून म्हणाली, "डाक्टर, तुमनं आठे ऱ्हायेल व्हतं. ल्या." सरांनी उठून दार लोटून घेतलं. आत काय बोलणं झालं ते सुपडूभाऊंना ऐकू आलं नाही. अक्का गेल्यावर सरांनी त्या दिवशी एकही पेशंट बघितला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवीन बरणी आणायला लावली, आणि तेव्हापासून तुटका दात बादलीत गेला नाही. अक्का माझ्याकडे पुन्हा कधी आली नाही. बरी असेल म्हणून येत नसेल, असं मी धरून चालले.

चारेक वर्षांनी धुळ्यात आसपासच्या दातांच्या डॉक्टरांची बैठक भरली. बोलायला बऱ्हाटे सर. मी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसले. ते अजून वाळले होते, चष्म्याला दोरा तसाच. पडद्यावर एकामागून एक चित्रं यायला लागली, तुटके तुकडे दाढेला परत जोडून काढलेली. तिसरं मूळ, तिसरं मूळ, तिसरं मूळ. तिरका फोटो कसा काढायचा, दाढेला पाडलेलं दार जिभेकडे जरा मागे कसं वाढवायचं, कानस आधी वाकवून कशी घालायची. असलं भाषण मी आजवर दुसरं ऐकलेलं नाही, हे कबूल करताना आजही दात-ओठ खावे लागतात. शेवटी एका नवीन डॉक्टरने विचारलं, "सर, हे तुम्हाला सापडलं कसं?"

"मला सापडलं नाही," सर म्हणाले. "मी गाढवासारखा तुटके दात फेकत होतो. एका पेशंटबाईने आणून माझ्या टेबलावर ठेवलं, तेव्हा दिसलं."

टाळ्या पडल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पेशंटबाईने! आणि फोटो कुणी काढला होता? बादलीत हात कुणी घातला होता? चहाच्या वेळी मी त्यांना कोपऱ्यात गाठलं. नमस्कार-चमत्कार काही नाही. "सर, माझं नाव घ्यायला काय जीभ झडली असती?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, बशीत चहा ओतला. "घेतलं. जिथं घ्यायचं तिथं घेतलं."

"कुठे?"

"अक्का आली तेव्हा. हात जोडले मी तिला. सांगितलं, पोरीनं फोटो काढला होता, मला आणून दाखवला होता. पोरीचं बरोबर होतं, मीच ऐकलं नाही."

पोरीचं बरोबर होतं. दीड वर्ष त्यांच्या हाताखाली आणि पुढची चार वर्षं धुळ्यात, हे एक वाक्य त्या तोंडून ऐकायला मी तडफडले होते. आणि ते ऐकताना मला धुळ्यात अक्काला दिलेलं उत्तर आठवलं.

"अक्का काय म्हणाली?" मी विचारलं.

सरांनी बशी संपवली, कपावर ठेवली. "म्हणाली, 'पोर ते म्हने, माले काहीच माहीत नही व्हतं.'" मग त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. "मी काही बोललो नाही त्यावर. काय बोलणार होतो?"

ते निघून गेले. आमची ती शेवटची भेट. पुढच्या वर्षी सर वारले, मी जळगावला गेले नाही. अक्का त्यानंतरही तीन वर्षं होती. भाकरी वरणात भिजवून खायची, असं माझी आई सांगायची. पारोळ्याला माझं माहेर, दर महिन्याला मी जात होते, आणि तिचं गाव तिथून पायी अर्ध्या तासावर. मी एकदाही गेले नाही.